वेताळ टेकडीवरच्या अनोळखी हातांना

माझी सकाळ पुण्यात वेताळ टेकडीवरच सुरू होते. परवा खाणीच्या वरच्या अंगाला वाळल्या गवताने पेट घेतला. मी फोन लावेपर्यंत तुम्ही सात-आठ जण हिरव्या फांद्या मोडून जाळ झोडपायला लागलाही होतात. अर्ध्या तासात आग विझली, आणि काळवंडलेले हात पुसत तुम्ही आपापल्या वाटेने निघून गेलात. नावं विचारायची राहिली.

त्या उतारावर सालई आहे, मोई आहे, गणेर आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला ही झाडं निष्पर्ण होतात, बघणाऱ्याला वाटतं वाळली. पण गणेर त्या उघड्या फांद्यांवरच पिवळाधमक फुलतो. तो यंदाही फुललेला बघितला, तुमच्यामुळे.

पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन रोपांपर्यंत चढणाऱ्या काकू, इतरांच्या बाटल्या वेचून खाली नेणारी मुलं, आणि एप्रिल २०२३मध्ये टेकडीवर रस्ते नकोत म्हणून मोर्च्यात चाललेले आजी-आजोबा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

वर भेटलात तर थांबा. थर्मासमध्ये चहा असतो.