जीवाश्मावरची माती धुऊन टाकू नका

महोदय,

गेल्या काही महिन्यांत माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, 'बाई, शेतात हाडासारखा दगड सापडलाय, कशाने घासू?' दोघांच्याही मोबाइलवर तोच सल्ला आलेला: व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, चमकेल. त्यांना जे सांगितले, ते इतरांनाही कळावे म्हणून हे पत्र.

मी वरोरा तालुक्यात एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. आमच्याच तालुक्यातले पिसदुरा गाव जीवाश्मांच्या अभ्यासकांना चांगले माहीत आहे. तिथल्या लमेटा नावाच्या खडकथरांतल्या लाल चिकणमातीत डायनासोरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. वखरणी झाली, पहिला पाऊस पडला की शेतात तुकडे उघडे पडतात. वय साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षे. अशाच एका जूनमध्ये माझ्या दिरांनी वीतभर लांबीचा तुकडा घरी आणला आणि मी विज्ञानाची बाई म्हणून थेट माझ्या हातात दिला. तुटलेल्या टोकाला बारीक जाळी होती, पाव मोडल्यावर दिसते तशी. एका अंगाला चुन्याचे पांढरे पुट. ते काढायला मी बादलीभर पाण्यात संडास साफ करायचे अ‍ॅसिड ओतले आणि तुकडा बुडवला. फेस आला तेव्हा वाटले, चुना निघतोय. चहा करून परत आले तर जाळी ढासळून बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसला होता. उरलेला भाग उचलायला गेले, त्याचा बोटांत भुगा झाला.

हाडात कॅल्शियम फॉस्फेट असते आणि ते हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते, हे मी दरवर्षी शिकवत असे. कोंबडीचे हाड आम्लात ठेवून मुलांना दाखवतही असे. त्या दिवशी मात्र समोरची वस्तू मला हाड वाटलीच नाही, मळलेला दगड वाटली. दिरांनी ती शेताच्या कोणत्या धुऱ्याजवळ उचलली, हेही मी विचारले नव्हते. नंतर विचारले तेव्हा त्यांना नक्की आठवेना.

व्हिनेगर सौम्य आहे, त्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. प्रयोगशाळेत पातळ अ‍ॅसिटिक आम्ल वापरतात हे खरे आहे. पण ते चुनखडीत अडकलेले हाड सोडवायला, आणि तेही आम्लात आधीच कॅल्शियम फॉस्फेट मिसळून, म्हणजे हाडातले फॉस्फेट सुटत नाही. उघड्या पडलेल्या भागाला मधूनमधून संरक्षक लेप देतात आणि शेवटी ते कित्येक दिवस स्वच्छ पाण्यात ठेवतात. घरच्या वाटीत यातले काहीच होत नाही. शंख-शिंपल्याचे तर कवचच चुन्याचे असते, व्हिनेगर आधी तेच खाते.

पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेच्या गोट्यांबद्दल थोडे सांगायलाच हवे. दिसायला अगदी साधे, कोणीही लाथेने उडवावे असे. पण त्यांतच शास्त्रज्ञांना गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. डायनासोरच्या काळात गवत होते, इतकेच नव्हे तर भाताच्या कुळाशी नाते सांगणारे गवतही होते, हे २००५ साली त्यावरून जगाला कळले. ज्या दगडाकडे आपण बघतही नाही, त्याच्या आत एवढे लिहिलेले असते. बाहेर चिकटलेल्या मातीतही बारीक शंख, माशांचे दात, परागकण असू शकतात. ती माती मोरीत सोडणे म्हणजे वहीची अर्धी पाने फाडून टाकणे.

मग काय करायचे? उचलण्याआधी शेजारी नाणे ठेवून फोटो काढा, गट क्रमांक लिहा, मोबाइलवरून जागेची नोंद घ्या. आणल्यावर पाणी नको. चिकणमाती पाण्याने फुगते आणि भेगाळलेले हाड तिच्यासोबत उकलते. ओलसर असेल तर वर्तमानपत्रावर सावलीत आठवडाभर सुकू द्यावे, उन्हात किंवा पंख्याखाली नाही. माती आपोआप सैल होते. मग मऊ ब्रश आणि बांबूची टोकदार काडी. सुई किंवा स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात आणि पुढे तपासणारा त्यांना दातांच्या खुणा समजू शकतो. दुसरा तुकडा, तळहाताएवढा, मी असा साफ केला. अकरा संध्याकाळी गेल्या आणि तरीही एका खाचेतली माती मुद्दाम तशीच ठेवली. तुकडे फेव्हिकॉलने चिकटवू नका, वॉर्निशही लावू नका. संग्रहालयांत त्यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचे राळेसारखे द्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, कारण पुढे कधी काढायचे झाले तर ते अ‍ॅसिटोननेच निघते.

तुकडा मोठा असेल, जमिनीत रुतलेला असेल, तर उकरूच नका. झाकून ठेवा आणि कळवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण पिसदुऱ्याच्या शेतकऱ्याने एका तुकड्यासाठी नागपूर गाठावे, ही अपेक्षा रास्त नाही. जिथे जीवाश्म निघतात त्या प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एक नोंदवही आणि एक कुलूपबंद कपाट असावे, आणि वर्षातून एकदा तरी जाणकाराने येऊन ते बघावे, अशी माझी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे. शेतकऱ्यालाही सांगावे की तुझ्या शेतात हे निघाले म्हणून तुझी जमीन कोणी काढून घेणार नाही. ही भीती मी घरोघरी ऐकली आहे आणि तिच्यापायी कितीतरी तुकडे गुपचूप नाल्यात जातात.

माझ्याकडच्या त्या दुसऱ्या तुकड्यासोबत मातीची पुडी आहे, तिच्यावर गट क्रमांक आणि तारीख आहे. कपाट तयार झाले की दोन्ही मी तिथे आणून देईन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर