मॉक्सा म्हणजे डागणं नव्हे

संपादक महोदय,

गुडघे आणि कंबरेसाठी मॉक्सिबशन, म्हणजे पेटवलेल्या वाळल्या पाल्याचा शेक, घेणारे आता बेळगाव-निपाणीकडेही भेटतात. अ‍ॅक्युपंक्चरच्या चिनी नावातच सुई आणि हा शेक दोन्ही आहेत. आपण जोतिबाला दवणा वाहतो, त्याच कुळातल्या एका झाडाची वाळली पानं कुटून कापसासारखा भुगा, म्हणजेच मॉक्सा, करतात आणि कागदात घट्ट वळून बोटाएवढी जाड कांडी बनवतात. घोटाळा पुढं होतो. काविळीला डाग, दुखण्याला बिब्बा हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना फोड आल्याशिवाय गुण येत नाही असं वाटतं. मुद्दाम व्रण पाडायची पद्धत चीनमध्ये आहे, हे खरं. पण कांडीच्या शेकात कातडी जराशी गुलाबी झाली की काम झालं. इथं फोड म्हणजे चूकच.

कांडी कातडीपासून २ ते ३ सेंटिमीटरवर धरावी, एका जागी १० ते १५ मिनिटं. शेकणाऱ्यानं दुसऱ्या हाताची दोन बोटं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवावीत. रोग्याला कळलं नाही तरी आपल्या बोटांना चटका कळतो. राख मिनिट-दोन मिनिटांनी वाळूच्या वाटीत झाडावी. भाजण्याचं कारण बहुधा हीच राख. ती साचली की ऊब कमी वाटते, हात नकळत खाली जातो आणि निखाऱ्यासकट राख अंगावर पडते. आधी बाम चोळलेला असेल तर त्याच्या गारव्यात चटका लपतो. स्पिरिटनं पुसलं असेल तर ते पूर्ण उडून जाऊ द्यावं, नाहीतर भडका उडेल. नायलॉनची साडी बाजूला सारून जाड सुती कापड अंथरावं.

आल्याच्या चकतीवर मॉक्सा ठेवायचा तर चकती २-३ मिलिमीटर जाड, ताजी आणि सुईनं टोचलेली हवी. ‘पोळतंय’ म्हटल्याबरोबर उचलावी. सुकलेली चकती लगेच बदलावी.

मधुमेहात पाय बधिर झालेल्यांच्या पायांना हा शेक देऊच नये. ‘काही लागत नाही, अजून जवळ धरा’ असं रोगी म्हणाला तर तिथंच थांबावं. चेहरा, जखम, अंगात ताप, गरोदर बाईचं पोट आणि कंबर हेही वर्ज्य. पायाळू बाळासाठी आईच्या पायाच्या करंगळीच्या नखाजवळ शेक देतात, तो प्रसूतितज्ज्ञांना विचारूनच; त्याचा गुण नक्की सिद्ध झालेला नाही.

धुराचं कुणी बोलत नाही. खानापूरच्या पावसात दारं-खिडक्या लावून हा शेक घेणं दमेकऱ्याला महागात पडेल, आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या छातीला तंबाखूची धूळ आधीच पुरेशी आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. बिनधुराची कांडी मिळते, पण ती कोळशासारखी जास्त तापते. थोडी लांबच धरावी.

भाजलंच तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. फोड फोडू नये. लाली पसरली, पू झाला तर डॉक्टरकडे जावं. मधुमेहींनी मात्र फोड दिसला त्याच दिवशी.

वापरलेली कांडी कोरड्या वाळूत खोल खुपसावी किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडावी. वरून विझलेली दिसते, पण आत धुमसत असते. तासाभरानं हात लावून गार लागल्याशिवाय ती कपाटात किंवा कडब्याजवळ ठेवू नये.

आपले,
दोन अ‍ॅक्युपंक्चर उपचारक, बेळगाव