प्रोसेसर ताणायच्या आधी खोलीतला पारा बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्वस्तातला डेस्कटॉप कसा घ्यायचा आणि त्याचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या स्पीडच्या वर ताणून, महागड्याच्या बरोबरीला कसा न्यायचा असा लेख आला होता. लेख वाईट नाही, पण लिहिणारा एसीच्या खोलीत बसून लिहून राह्यला हे लगेच कळतं, कारण अख्ख्या लेखात खोलीचं टेंपरेचर किती होतं हे एकदाही नाही. माझं दर्यापूर तालुक्यात कॉम्प्युटर असेंबल आणि रिपेअरचं दुकान आहे, आणि आता पोट्टे त्या लेखाचा मोबाईलवर फोटो घेऊन येतात की भाऊ, इंटेलचा आय३ प्रोसेसर टाका अन् असा ताणून द्या. म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा, पण उन्हाळ्याचा भाग कापू नका.

पहिले निवडीचं बोलतो, कारण खरे पैसे तिथंच वाचतात. आमच्याकडं गिऱ्हाईक आलं की एकच विचारतं, आय५ आहे का. आहे ना, पण कोणत्या पिढीचा ते कोणी विचारत नाही. शहरातल्या ऑफिसांतून निघालेले जुने डबे स्वच्छ पुसून, नवीन कॅबिनेटमध्ये रंगीत लाईटचे पंखे लावून विकतात, आत आय५-२४०० असतो, २०११ चा, नाहीतर आय५-४५७०, २०१३ चा. नंबर वाचायची रीत सोपी आहे, शेवटचे तीन आकडे सोडा, आधी जे उरतं ती पिढी, म्हणजे ४५७० चौथी आणि १२१०० बारावी. आता आय३-१२१०० हा २०२२ च्या जानेवारीत आलेला, चार कोर (आतले काम करणारे भाग) आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आणि नाव आय३ असलं तरी या दोन्ही जुन्या आय५ ला तो आरामात मागं टाकतो. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि एएमडी कंपनीच्या रायझनची २००० ची मालिका इथपासून पुढचेच प्रोसेसर आहेत, म्हणजे ते चमकते डबे यादीच्या बाहेर. जुगाड करून विंडोज ११ चढते त्याच्यावर, चढवतातही, पण ज्याला सेतू केंद्रात लोकांचे आधार अन् बँकेचे कागद हाताळायचे आहेत त्यानं असल्या मशीनवर काम करू नये हे माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी फसगत एफ अक्षराची. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो म्हणून ऑनलाइन मागवतात आणि मग मॉनिटर काळाच राहतो, कारण एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही, वेगळं कार्ड घ्यावं लागतं. बिना एफचा घ्या. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणाऱ्यांनी तर नक्कीच बिना एफचा घ्यावा, त्याच्या आतल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये क्विक सिंक (व्हिडिओ तयार करायची वेगळी सोय) असतं, सॉफ्टवेअरनं ते वापरलं तर व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला जो वेळ लागतो तो बराच कमी होतो, आणि ते काम ओव्हरक्लॉकनं कधीच तेवढं होत नाही.

ज्या पोट्ट्यांना कार्ड न घेता थोडे गेम बी खेळायचे आहेत त्यांच्यासाठी रायझन ५ ५६००जी बरा, सहा कोर बारा थ्रेड, आत वेगा ग्राफिक्स. पण याला रॅम दोन कांड्यांची द्या, १६ जीबीची एक लावण्यापेक्षा ८ च्या दोन, कारण आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जेवते, एकाच कांडीवर ते उपाशी राहते. बायोसमध्ये (बोर्डाचं आतलं सेटिंग) जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारा ऑप्शन) चालू आहे का तेही बघा, कित्येक मशीन ३२०० ची रॅम घालून २४०० किंवा २६६६ वर चालत असतात अन् मालकाला पत्ता नसतो.

आता ओव्हरक्लॉक. तुमच्या लेखात आय३-१२१०० घ्या आणि ताणा असं सरळ लिहिलं आहे. तो लॉक आहे हो! इंटेलमध्ये ज्याच्या नावामागं के असतो त्याचाच मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा गुणक) उघडा, म्हणजे बदलता येतो, आणि त्यालाही झेड चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड लागतो. २०२२ मध्ये काही बी६६० बोर्ड असे निघाले होते की बेस क्लॉक (ज्याला मल्टिप्लायरनं गुणतात तो मूळ स्पीड) वाढवून बिना-के प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झच्या घरात जायचे, ते व्हिडिओ पाहूनच लिहिलं असावं. पण तसे बोर्ड मोजके होते, महाग होते, इंटेलला ते मान्यही नव्हतं, आणि त्या बोर्डाचे जास्तीचे पैसे प्रोसेसरमध्येच घातले तर सहा कोरचा आय५-१२४०० घरी येतो, काही न ताणता. एएमडीचं थोडं मोकळं आहे, रायझन बहुतेक उघडेच असतात, पण बोर्ड बी४५० किंवा बी५५० पाहिजे, ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. दुकानदार स्वस्त पडतो म्हणून ए५२० लावून देतो आणि पोरगं घरी बसून बायोसमध्ये नसलेला ऑप्शन शोधत बसते.

ओव्हरक्लॉकची हौस मला समजत नाही असं नाही. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए होता, त्याचा बस, म्हणजे तोच मूळ स्पीड, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, दीडपट, फुकटात! नंतर एएमडीच्या अ‍ॅथलॉन-ड्युरॉनच्या जमान्यात लोक प्रोसेसरवरचे तुटके पूल, म्हणजे तोडलेले बारीक जोड, पेन्सिलीनं जोडून मल्टिप्लायर उघडायचे, साधी शाळेची पेन्सिल. २०१४ मध्ये इंटेलनं पेंटियमच्या वीस वर्षांनिमित्त जी३२५८ काढला, दोनच कोर पण उघडा, गरिबाचा ओव्हरक्लॉक त्याच्यावर लय झाला. तेव्हा कंपन्या प्रोसेसर बराच राखून विकायच्या म्हणून वर ताणायला एवढी जागा उरायची. आता तसं राह्यलं नाही. ५६००जी चा बेस स्पीड ३.९ गिगाहर्ट्झ आणि तो स्वतःच ४.४ पर्यंत बूस्ट होतो, १२१०० तर ३.३ वरून ४.३ वर जातो, टेंपरेचर आणि वीज पाहून क्षणाक्षणाला. बैल आधीच सगळी ताकद लावून ओढून राह्यला, त्याला आणखी तुतारी टोचून किती पळवणार?

आणि टोचणं म्हणजे व्होल्टेज. प्रोसेसरची उष्णता स्पीडच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, बारावी सायन्सवाल्यांनी हिशोब करून पाहावा: स्पीड १० टक्के वाढवायला व्होल्टेज १२ टक्के द्यावं लागलं तर उष्णता साधारण ३८ टक्के जास्त. दहा टक्के स्पीडसाठी! आणि जास्त व्होल्टेज प्रोसेसरला आतून कसं खाते हे तर इंटेलनंच २०२४ मध्ये दाखवलं, तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून मागून अस्थिर व्हायला लागले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट द्यावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली, आणि जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते ते अपडेटनं बरे झाले नाहीत. ती कंपनी होती, वॉरंटी देऊ शकली. आपण ओव्हरक्लॉक करून जाळला तर ते नुकसान वॉरंटीत बसत नाही, इंटेल असो की एएमडी.

आता उन्हाळा. प्रोसेसरवर कूलर कोणताही लावा, हवेचा किंवा पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा फुल लोडवर तुमचा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ४५ अंश वर राहतो. डिसेंबरच्या रात्री खोली २० वर, प्रोसेसर ६५, पोरगं खूष, स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवते. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर ४५ च्या वर जातात, पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ धरा, तोच प्रोसेसर ८७. हे न ताणता. ताणून ३८ टक्के उष्णता वाढवली तर ते ४५ चं अंतर ६० च्या वर जाते आणि बेरीज शंभरच्या पुढं. ५६००जी ची हद्द ९५ आहे, १२१०० ची १००, तिथं पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्पीड पाडतो. म्हणजे ओव्हरक्लॉक केलेलं मशीन मे महिन्यात दुपारी न केलेल्यापेक्षा हळू चालू शकते. लेखातला आलेख वैशाखात आमच्या गावी आणून काढा म्हणावं, रेघ खाली जाईल.

त्यात आमच्या घरची हवा वेगळी. भाव वाढायची वाट पाहून लोक कापूस घरातच भरून ठेवतात, त्याच खोलीत पोराचं टेबल. ती बारीक रुई हीटसिंकच्या (प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) पात्यांत जाऊन नमदा जमते, वरून काही दिसत नाही, पंखा काढला की गादी निघते. सीझन संपला की ब्रश मारा, ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, आणि पेस्ट वाळली असेल तर नवीन लावा, एवढ्यानं जो फरक पडतो तो बघून लोकांना वाटते मी प्रोसेसर बदलला. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात खोलीतल्या कूलरचा झोत सरळ सीपीयूच्या डब्यावर सोडू नका. आमचा खारपाणपट्टा आहे, कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर तुम्ही पाहतच असाल, त्या ओल्या हवेत बोर्ड ठेवून काय भलं होणार? बाजूला ठेवा, खोली थंड झाली की त्याचा फायदा मशीनला आपोआप होतो.

विजेचं तर बोलूच नये. संध्याकाळी व्होल्टेज पडते, लाईन जाते येते. ताणलेला प्रोसेसर विजेच्या बाबतीत लय नाजूक होतो, आणि लोक वाचवतात कशावर तर एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्यावर. कॅबिनेटसोबत फुकट येणारा, ४५० वॅटचं स्टिकर लावलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. त्याच्यावर ओव्हरक्लॉक म्हणजे मदरबोर्डासकट पैसे पाण्यात. चांगल्या कंपनीचा घ्या, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (येणारी वीज सुधारून घ्यायची सोय) लिहिलेला, १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, म्हणजे कमी व्होल्टेजमध्येही तग धरतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण असते, ते लावा, नाहीतर लाईन जाताना बदली व्हायला वेळ लागतो अन् मशीन रिस्टार्ट. फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला रिस्टार्ट झालं की मग ओव्हरक्लॉक कोणाला आठवत नाही.

मग करायचं काय? उलटं करा. आमच्या भागात व्होल्टेज वाढवण्यापेक्षा कमी करण्यात मजा आहे. रायझन ५००० वर, बोर्डात सोय असेल तर, बायोसमध्ये पीबीओ नावाच्या भागात कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) असते, त्यात सगळ्या कोरला निगेटिव्ह १० द्या, टिकलं तर १५. तोच प्रोसेसर त्याच स्पीडला कमी व्होल्टेजवर चालतो, थंड राहतो, आणि थंड राहिल्यामुळं बूस्ट जास्त वेळ टिकतो. उन्हाळ्याचे दोन महिने ५६००जी ला ६५ वॅटवरून ४५ वर आणायची सोयही आहे, टायपिंग-ब्राउझिंगमध्ये फरक कळतही नाही. याला कोणी टाळ्या वाजवत नाही, व्हिडिओला व्ह्यूज येत नाहीत, म्हणून कोणी लिहीत नाही.

अन् तरीही ज्याला ताणायचंच आहे त्यानं ताणावं, वय आहे, माझी ना नाही. फक्त टेस्ट मे महिन्यात दुपारी घ्या, हिवाळ्यात रात्री नको, प्राईम९५ (प्रोसेसरला पूर्ण राबवणारा प्रोग्राम) लावा, बाजूला एचडब्ल्यूइन्फोवर टेंपरेचर पाहा, रॅम वाढवली असेल तर मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. रॅमची गडबड सगळ्यात वाईट, मशीन बंद पडत नाही, गुपचूप फायली बिघडवते, आणि लग्नाचा व्हिडिओ बिघडला तर पुन्हा लग्न लावता येत नाही.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापला तर आकड्यांशेजारी खोलीचं टेंपरेचर आणि बोर्डाचं नाव छापा. आणि तुमचा लेख वाचून ज्यांनी आधीच सेटिंग बदललं अन् आता मशीन चालू होऊन डिस्प्ले येत नसेल त्यांनी घाबरून नवीन बोर्ड घ्यायला धावू नये, मेन स्विच बंद करून वायर काढा, बोर्डावरचा गोल सेल पाच-दहा मिनिटं काढून परत लावा, बायोस कंपनीच्या सेटिंगवर येते. सेल जुना असेल तर लगे हात नवीनच टाका, सीआर२०३२ मागा, घड्याळवाल्याकडंही मिळतो.

आपला वाचक,
दर्यापूर तालुका, जि. अमरावती