मंत्रीमहोदय, निदान ते गाठोडं तरी राहू द्यायचं होतं

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी आपण सोलापुरात आला होतात. कार्यक्रमात मी उठून बेघरांच्या निवाऱ्याचं विचारलं, तेव्हा पावसाळ्याच्या आत काम होईल, असा शब्द आपण माईकवरून दिलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तो पावसाळा गेला. आता दुसराही संपत आलाय आणि निवाऱ्याची एक वीट दिसत नाही. हे पत्र तेवढ्यासाठी लिहिलं नसतं. आश्वासनांची आम्हाला सवय आहे.

गेल्या गुरुवारी रात्री, कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून, स्टेशनजवळच्या फुटपाथवरची माणसं गाडीत घातली आणि पहाटे शहराबाहेर नेऊन सोडली. त्यांत एक बाई होती आणि तिची सात वर्षांची मुलगी. बाईला टीबी आहे, उपचाराचा दुसरा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या, आधारकार्ड, मुलीचा जन्मदाखला, सगळं एका गाठोड्यात बांधलेलं. ते गाठोडं कचऱ्यात गेलं. मायलेकी अनवाणी चालत परत आल्या. शनिवारी रात्री मोबाइलच्या उजेडात मी त्या पोरीच्या टाचेतली काच काढली. रडली नाही. मला म्हणाली, "आजी, आईच्या गोळ्या आणल्यास का?"

मी 31 वर्षं नर्स होते. टीबीच्या गोळ्या सहा महिने रोज घ्याव्या लागतात. मध्ये खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि तोच आजार पुढे दुसऱ्यांना लागू शकतो. सरकारनेच फुकट दिलेल्या गोळ्या सरकारच्याच माणसांनी फेकल्या. कुठल्या कार्यालयाची गाडी होती ते मी इथे लिहीत नाही. शोधायचं म्हटलं तर तुम्हाला एक फोन पुरेल.

आम्ही ख्रिस्ती मंडळीतले सात-आठ जण. दर शनिवारी उपासना आटोपली की रात्री फुटपाथवरच्या माणसांकडे जेवण घेऊन निघतो. पहिल्या वर्षी कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायचो, टिकते म्हणून. मग लक्षात आलं, निम्म्या म्हाताऱ्यांना दातच नाहीत, भाकरी हातात धरून नुसते बसून राहतात. तेव्हापासून डब्यात मऊ भात आणि पातळ वरण असतं. मलमपट्टी मी करते. एका गिरणी कामगार आजोबांच्या पायाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या, टर्पेंटाइनचे थेंब टाकून चिमट्याने एकेक काढली. दारूपायी घर सोडलेल्यांच्या बायकामुलांनाही जाऊन भेटतो. कुणी परत घेतं, कुणी दार लावून घेतं. दार लावणाऱ्या बायकोलाही मी दोष देत नाही, तिने काय सोसलंय ते तिलाच माहीत.

आणि याच कामासाठी एका रात्री मला दोन तास चौकीत बसवलं. "धर्मांतर करता का?" पिशवी उलटी केली. निघालं काय? बँडेज, बेटाडीन, भाताचे डबे आणि माझा स्वतःचा बायबलचा नवा करार. भुकेल्याला जेवू घाला, परक्याला आसरा द्या, हे आम्हाला प्रभूने सांगितलंय, म्हणून आम्ही जातो. प्रार्थना कुणी मागितली तर करतो. न मागणाऱ्यालाही भात तेवढाच वाढतो. तेव्हापासून शेजारणी बोलायच्या थांबल्या. मुलगा म्हणतो, आई, आता बस कर. गुडघा मलाही बस म्हणतो. पण आमची पिशवी तपासणाऱ्या एकानेही, ही सात वर्षांची मुलगी इथे का झोपते, असं विचारलं नाही.

पुण्याला जाताना केडगाव लागतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी मुली आणि विधवा तिथे आणल्या. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आज राज्य आपलं आहे. आपल्याच शहरी बेघरांच्या निवारा योजनेत लिहिलं होतं, लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा कायमचा निवारा, माणशी 50 चौरस फूट. 2011 च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं. म्हणजे निदान नऊशे जणांची सोय हवी. ती कुठे आहे ते दाखवा, मी स्वतः माणसं घेऊन येते. याच जनगणनेत देशात बेघर 17 लाख 73 हजार भरले. गाडीत घालून शहराबाहेर सोडलेले कुठल्या शहरात धरायचे?

आणि कायदा कुठला हाताशी? 1959 चा, भीक मागण्याच्या विरोधातला. पुन्हा पुन्हा दोषी ठरला तर 10 वर्षांपर्यंत डांबता येतं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथल्यापुरती त्यातली बरीच कलमं रद्द केली. आपल्याकडे तो अजून पुस्तकात आहे. घर मागायला गेलं तर रहिवासाचा पुरावा आणा म्हणतात. अहो, रहिवास असता तर घर कशाला मागितलं असतं?

करायचं ठरवलं तर होतं, हे सोलापूरनेच दाखवलंय. कुंभारीजवळ रे नगरमध्ये जानेवारी 2024 मध्ये 15,000 घरांच्या किल्ल्या कामगारांना मिळाल्या. त्यामागे बीडी वळणाऱ्या बायांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे आहेत. फुटपाथवर झोपणाऱ्यांची युनियन नाही, म्हणून त्यांनी वाट पाहायची का?

मला सत्कार नको, भेटीची वेळही नको. त्या बाईचं आधारकार्ड आणि मुलीचा दाखला नव्याने मिळवून द्या. रात्री माणसं उचलणं थांबवा. निवाऱ्याची जागा कुठली आणि काम कधी सुरू होणार, ते लेखी कळवा.

गोळ्यांचं नवं पाकीट आता माझ्या घरी कपाटात आहे. रोज सकाळी आठला दोघी दाराशी येतात. आईने गोळी गिळली की पोरगी तिला तोंड उघडायला लावते आणि खात्री करून घेते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सोलापूर