डिथॅचर ताठ जोडू नका, साखळीवर टांगा

महोदय,

लॉनमधला वाळक्या देठामुळांचा थर ओढून काढणारा डिथॅचर बाग-ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला बसवून घेताना एक चूक फार वेळा होते. तो लिफ्टच्या दांडीला ताठ जोडला जातो. उचलायला सोपा आणि दिसायला नेटका, पण त्याचे दाते मागच्या आसाच्या बरेच मागे असतात. पुढची चाके उंचवट्यावर चढली की दाते मातीत घुसतात, खळग्यात उतरली की हवेत लोंबतात. मग हिरवळीत कुठे माती उघडी पडते, तर कुठे थर तसाच राहतो, आणि दोष मात्र दात्यांना दिला जातो.

खरा दोष जोडणीचा आहे. डिथॅचरची चौकट ट्रॅक्टरच्या चासीला खाली दोन पिनांवर बिजागरीसारखी हलती ठेवावी आणि लिफ्टच्या दांडीपासून तिला साखळीने टांगावे. काम चालू असताना साखळी सैल हवी. चौकट वरखाली निदान 5 सेंमी मोकळी हलली पाहिजे, कारण खोली लिफ्टने ठरवायची नसून डिथॅचरच्या स्वतःच्या दोन चाकांनी ठरवायची असते. म्हणून ती चाके कापून टाकू नयेत. दात्यांची टोके मातीला जेमतेम स्पर्श करतील इतपतच चाके लावावीत.

जोडणीसाठी 40 × 40 × 3 मिमीचा चौकोनी पाइप आणि 16 मिमीच्या पिना पुरतात. दोन्ही पिनांची भोके एका रेषेत नसतील तर चौकट अडकते, तेव्हा एकच लांब सळई दोन्हीकडून आरपार घालून मगच वेल्डिंग करावे. पिना धरणाऱ्या पट्ट्या चासीला 8.8 ग्रेडच्या बोल्टांनी व नायलॉक (थरथरीने सैल न होणाऱ्या) नटांनी आवळाव्यात, गिअरच्या ॲल्युमिनियम पेटीला कधीही नाही. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचेच असेल तर आधी बॅटरीची ऋण तार काढावी. दात्यांना तर वेल्डिंगची आच लागताच कामा नये. आचेने पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेले स्प्रिंगचे पोलाद त्या जोडालगतच तुटते.

उचललेल्या डिथॅचरने ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. त्याचे 40 किलो वजन मागच्या आसापासून 60 सेंमीवर टांगले आणि दोन आसांतले अंतर 120 सेंमी असले, तर पुढच्या चाकांवरचा भार 20 किलोने घटतो. उतारावर स्टिअरिंग हातात राहायचे तर पुढे वजन बांधावे लागते.

डिथॅचरच्या वरच्या ट्रेमध्ये दगड-विटा रचण्याचा मोह मात्र टाळावा. जादा वजनाने दाते खोल जात नाहीत, मागे वाकतात आणि थरावरून नुसते घसरतात. एका खोल फेरीपेक्षा काटकोनातल्या दोन हलक्या फेऱ्या कितीतरी चांगल्या. वेग ताशी 4-5 किमी, माती ओलसर पण चिकट नाही, गवत आधी आखूड कापलेले. वळताना आणि मागे घेताना डिथॅचर उचलायचाच: दोन पिनांवरची चौकट ट्रॅक्टरमागे मोकळी बाजूला वळू शकत नाही, ती आडवी घासते, आणि मागे घेताना दाते उलटे पिळले जातात.

सुरीने हिरवळीचा छोटा तुकडा कापून थर मोजावा. तो 12 मिमीपेक्षा कमी असेल तर यंत्र बाहेर काढूच नये. हरळीसारख्या जमिनीलगत पसरणाऱ्या दाट गवतात स्प्रिंगचे दाते वरवरच विंचरतात. तिथे उभी पाती असलेले यंत्र लागते.

शेवटची सूचना सुरक्षिततेची. दाता बहुधा त्याच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यापाशी तुटतो आणि गवतात दिसत नाही. नंतर गवत कापताना तो पात्याखाली आला तर गोळीसारखा उडतो. म्हणून प्रत्येक ओळीच्या वेटोळ्यांतून बारीक वायर रोप ओवून दोन्ही टोके चौकटीला पक्की करावीत, म्हणजे वेटोळ्यासकट सुटलेला दाता लोंबत राहतो. वेटोळ्याच्या खाली तुटलेला तुकडा मात्र वायरला अडकत नाही. त्यासाठी काम संपल्यावर प्रत्येक दात्याचे टोक जागेवर आहे का ते मोजावे, आणि एकही कमी भरला तर तो सापडेपर्यंत त्या लॉनवर मोवर फिरवू नये.

आपला,
एक वाचक