२०७० चे उद्दिष्ट आणि सोसायटीची गच्ची

महोदय,

२०७० पर्यंत 'नेट झीरो' (जेवढे कार्बन उत्सर्जन, तेवढेच शोषण) गाठण्याचा शब्द भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिला. त्यातला पुण्याचा मोठा वाटा आपल्या गच्च्यांवर मोकळा पडून आहे. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यासाठीच्या केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत सोसायटीची लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते.

घोळ होतो तो सावलीमुळे. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्या अख्ख्या ओळीची वीज घटते, कारण पॅनेल एकापाठोपाठ जोडलेली असतात. म्हणून गच्चीची पाहणी डिसेंबरात करावी. तेव्हा दुपारच्या सावल्या सर्वांत लांब असतात. आणि स्लॅबला भोके पाडू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटते, पावसाळ्यात वरचा मजला गळू लागतो. पॅनेलचा सांगाडा भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसतो. वाऱ्याच्या जोराचा हिशेब मात्र अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करताना पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तरेकडेच असावी, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडून येणाऱ्या उन्हात तिची सावली पॅनेलवर पडणार नाही, अशी अट महापालिकेने घालावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे