छकुलीला नर्सिंगला घालायचं का, विचारतेस

हडपसर, पुणे
दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रिय मने,

तुझा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते, आणि ड्युटीवर आम्हाला फोन लॉकरला ठेवावा लागतो. मग विसर्जन आलं, दोघीजणी गावाला गेल्या, मला डबल पडली आणि उलट फोन करायचं राहूनच गेलं. आज ऑफ आहे. फोनच लावणार होते, पण खोलीत आम्ही चौघी आणि त्यातल्या दोघी नाईट करून आत्ताच झोपल्यात. शिवाय हा विषय निघाला की माझा गळा भरून येतो आणि सांगायचं ते राहतं. म्हणून लिहायला बसले. दादा बुधवारी बार्शीला येतोय, त्याच्याजवळ देते.

छकुलीला नर्सिंगच्या सीईटीत चांगले मार्क पडले हे ऐकून फार बरं वाटलं. नाना म्हणाले ना, "सुमीला विचार, नोकरी लगेच लागते का?" तर नानांना सांग, लगेच लागत नाही. निकालापासून पहिल्या पगाराच्या कामापर्यंत मला पाच महिने लागले, आणि मिळालेलं काम कसलं आहे तेही खाली लिहितेच. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. छकुलीच्या बाबतीत तरी सगळं कळून ठरवा.

माझा बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल फेब्रुवारीत लागला. आण्णांनी पेढे वाटले तेव्हा तू होतीसच. आपल्याला वाटलं, आता पुण्याला गेलं की झालं. पण नुसत्या निकालावर कुणी नर्स होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं, आणि तो नोंदणी क्रमांक नसेल तर बरं हॉस्पिटल अर्जसुद्धा ठेवून घेत नाही. त्या नोंदणीला कॉलेजकडचे कागद लागतात. आमच्या कॉलेजने ते अडवले. म्हणे, राहिलेली फी भरा. माझी शिष्यवृत्ती आली नव्हती, त्यात माझा काय दोष? शेवटी आण्णांनी सोसायटीतून कर्ज उचलून पैसे भरले, तेव्हा कागद सुटले. क्रमांक हातात पडेपर्यंत मे उजाडला. ते तीन महिने मी गावात होते आणि पारावरून जाताना रोज कुणीतरी विचारायचं, "काय सिस्टर, कुठं लागलीस?" मी आईच्या मागे मागे चालायचे.

मग पुण्यात आले. कॉट बेसिसवर जागा घेतली, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने, महिन्याला साडेतीन हजार, मेसचे दोन हजार आठशे वेगळे. सकाळी ड्रेसला इस्त्री करायची, फाईल घ्यायची आणि निघायचं. अकरा हॉस्पिटलं पालथी घातली. सगळीकडे पहिला प्रश्न तोच: अनुभव किती? आयसीयूला दोन वर्षं पाहिजेत, ऑपरेशन थिएटरला दोन वर्षं, साध्या वॉर्डाला निदान एक वर्ष. फ्रेशर म्हटलं की फाईल उघडतसुद्धा नाहीत. "बायोडेटा ठेवून जा, कळवतो." एका ठिकाणी मी धीर करून मेट्रनबाईंना, म्हणजे तिथल्या मुख्य सिस्टरना, विचारलं, "मॅडम, सगळेच अनुभव मागतात, मग तो घ्यायचा कुठं?" बाई चांगल्या होत्या. बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "एखाद्या छोट्या हॉस्पिटलात वर्ष-दोन वर्षं काढ आणि मग ये."

मने, मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. मी कोरी नव्हते गं. चार वर्षं आम्ही सरकारी रुग्णालयात वॉर्ड ओढले. साठ पेशंटच्या वॉर्डात एक सिस्टर आणि आम्ही सहा मुली. सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक, असा इंडियन नर्सिंग काउन्सिलचा निकष आम्ही वर्गात शिकायचो आणि दुसऱ्या दिवशी त्या साठ पेशंटच्या वॉर्डात उभ्या राहायचो. बेड, स्पंजिंग, टेंपरेचर, इंजेक्शनं, सलाईन, नळीवाटे फीड, ड्रेसिंग, लेबर रूम. मेलेल्या माणसाचे डोळे मिटवून नातेवाइकांच्या ताब्यात देईपर्यंत सगळं. शेवटच्या वर्षी इंटर्नशिप होती, आठवड्याला ४८ तास. त्यात एक लकवा झालेली आजी होती, तिच्या पाठीला बेडसोअर झालेला, पडून पडून होते ती जखम. रोज कूस बदलून, जखम धुऊन मी महिनाभर ड्रेसिंग केलं. तळहाताएवढी जखम रुपयाएवढी झाली, आजी घरी गेली. जाताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अर्जात अनुभवाचा रकाना येतो तेव्हा मला ती आजी आठवते आणि मी तिथे 'शून्य' लिहिते. आम्ही त्या वॉर्डात नसतो तर ते काम झालंच नसतं, हे तिथल्या प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. मग ते अनुभवात का धरत नाहीत? इंटर्नशिपच्या सहा महिन्यांचं तरी अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायला काय हरकत आहे? माझं म्हणणं एवढंच आहे.

जूनमध्ये एका ठिकाणी घेत होते. त्यांनी समोर पेशंटला आयव्ही, म्हणजे सलाईनची सुई, लावायला सांगितली, मी पहिल्या टोचणीत लावली. मग अटी सांगितल्या. सहा महिने ट्रेनिंग, पाच हजार रुपये. त्यानंतर दोन वर्षांचा बॉण्ड, मध्येच सोडलं तर पन्नास हजार भरायचे. आणि दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं, काउन्सिलच्या नोंदणीसकट, त्यांच्याकडे जमा. हातातले पैसे संपत आले होते, मी जवळजवळ हो म्हणणार होते. बाहेर येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "कागद देऊ नगंस. त्या कागदापायी तुझ्या बापानं कर्ज काढलंय." मी परत आत जाऊन नाही म्हणून आले आणि मगरपट्ट्याच्या बस स्टॉपवर बसून खूप रडले. छकुली पुढेमागे नोकरीला निघाली तर तिच्या डोक्यात हे घालून ठेव: झेरॉक्स लाख द्या, मूळ कागद कुणालाच नाही.

जुलैत आत्ताचं काम लागलं. तीस खाटांचं हॉस्पिटल, पगार बारा हजार, कागदावर आठ तास. २९ जानेवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने खासगी हॉस्पिटलांतल्या परिचारिकांच्या पगाराबाबत केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं होतं. त्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी पगार २०,००० च्या खाली नसावा, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका द्यावा. केंद्राने ते राज्यांकडे पाठवलं. त्याला किती वर्षं झाली ते तूच मोज.

बारा हजारही मालकांना जड वाटतात त्याला कारण आहे. आमच्याकडे पाच जणींत रजिस्टर्ड दोघीच. बाकीच्या बारावी झालेल्या, तिथेच बघून बघून शिकलेल्या, आठ हजारावर राबणाऱ्या. ड्रेस सगळ्यांना सारखाच, पेशंटला फरक कळत नाही. त्यातली एक ताई आठ वर्षं तिथे आहे. म्हाताऱ्या माणसाची शीर सुईखालून पळते, तेव्हा खालच्या बाजूने अंगठ्याने कातडी ताणून धरायची, हे मला कॉलेजात सांगितलं होतं, पण हाताला वळण तिनं लावलं. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. मला भीती वाटते ती तिच्या एकटीच्या नाईटची. पेशंट आतून कोसळत असतो आणि वरून शांत दिसतो, ते ओळखायला तिला कुणी शिकवलेलंच नाही.

माझ्या खोलीत एक जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली मुलगी आहे, विदर्भातली. तिची गत माझ्याहून वाईट. केंद्र सरकारच्या एम्स रुग्णालयांत नर्स भरतीसाठी नॉरसेट परीक्षा असते. तिला बी.एस्सी.वाल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला. पन्नास खाटांचं हॉस्पिटल फ्रेशर घेत नाही, म्हणून ती दीड वर्ष वीस खाटांच्या ठिकाणी काम करतेय. तिला ही अट गेल्या महिन्यात कळली. त्या रात्री ती जेवली नाही. दीड वर्ष एका अटीपायी वाया जातं म्हणजे काय, ते मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. म्हणून छकुलीला घालणार असाल तर बी.एस्सी.लाच घाला.

सरकारी नोकरीचं नाना विचारतीलच. राज्याच्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचं, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, एम्समध्ये ४४,९०० पासून. त्यासाठी जीव टाकावा असंच आहे. पण जाहिरात कधी येईल याचा नेम नाही, आणि नॉरसेटची फी खुल्या व ओबीसी मुलांना ३,००० रुपये, म्हणजे माझ्या पगाराचा चौथा हिस्सा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात स्टाफ नर्सला वीस हजार मिळतात, तेही कंत्राटावर. कंत्राटी भरती नको म्हणून जुलैत सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या. माझी ती पहिलीच नोकरी, मला जाता आलं नाही, मन मात्र तिकडे होतं. आमच्या बॅचच्या मुलांचं तर याहून अवघड. प्रसूतिगृहं त्यांना दारातूनच परत पाठवतात आणि नॉरसेटला त्यांच्या वाट्याला शंभरात वीस जागा.

आणि मला राहून राहून २०२१ आठवतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत माणसं कमी पडली तेव्हा केंद्राने जाहीर केलं होतं की बी.एस्सी. आणि जीएनएम झालेल्यांना पूर्णवेळ कोविड ड्युटीला घ्या, आणि शंभर दिवस भरतील त्यांना पुढच्या नियमित भरतीत प्राधान्य द्या. तेव्हा नव्या मुलींवर विश्वास टाकता आला. वरिष्ठांच्या देखरेखीखाली त्या उभ्या राहिल्या आणि काम निभावलं. मग एरवी एखादं मोठं हॉस्पिटल दर वर्षी दहा नव्या मुली घेऊन, जुन्या सिस्टरच्या हाताखाली तीन महिने ठेवून, पगार देऊन का तयार करत नाही?

आता कॉलेजचं. आपण फी आणि इमारत बघितली होती, तीच चूक झाली. तू आणि नाना सकाळी नऊला न सांगता जा आणि त्यांचं स्वतःचं रुग्णालय बघा. खाटांवर पेशंट आहेत का ते मोजा. शंभर खाटा कागदावर असतात, वॉर्डात चादरी घडी घातलेल्या असतात. मागच्या वर्षी पास झालेल्या मुलींचे नंबर मागा. कॉलेजवाले देणार नाहीत, हॉस्टेलवरच्या मुली देतील. त्यांना दोनच गोष्टी विचारा: कागद किती दिवसांत मिळाले आणि आत्ता कुठे आहात. शिष्यवृत्ती उशिरा आली तर काय करतात तेही लिहून घ्या.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मी नको म्हणतेय. तसं नाही. परवा विसर्जनाच्या रात्री तीनच्या सुमाराला एक आजोबा गाढ झोपलेत असं मुलगा म्हणाला. मी कपाळाला हात लावला तर घामाने डबडबलेलं. साखर बघितली, ४२, फारच उतरलेली. डॉक्टरांना उठवलं, त्यांनी सांगितलं तसं डेक्स्ट्रोज सोडलं. बाहेर ढोल चालूच होते. पंधरा मिनिटांनी आजोबांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. मुलगा माझ्याकडे बघून हात जोडायला लागला, मी त्याचे हात खाली केले. मने, मी पुन्हा बारावीला असते तरी हेच घेतलं असतं.

दादाजवळ पत्राबरोबर माझी इंटर्नशिपची वही पाठवतेय, निळ्या कव्हरची. त्यात प्रत्येक दिवस आहे, त्या आजीची जखम पण आहे, मोजमापासकट. छकुलीला ती आधी वाचू दे. वाचून तिला अजून जावंसं वाटलं तर नानांना माझ्याकडून हो सांग, आणि मी कॉलेज बघायला तुमच्याबरोबर येते. वही मात्र जपून परत पाठव. मला ती पाहिजे.

काकूंना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझीच,
सुमी